सहा-सातांच्या धास्तीची हकीकत

श्री वाग्देवी प्रसन्न. जिच्या जिव्हेवर सर्व देशींच्या भाषा नांदतात आणि जिच्या माळेत सर्व आकडे मण्यांसारखे ओविले आहेत, तिजला साष्टांग नमस्कार करून लिहिणार लिहितो ऐसे की, शके सतराशे त्रेसष्ट, प्लव नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, डोंगर आणि नदी यांचे दरम्यान एक लहानसे राज्य होते, तेथे एका बोलण्यापायी जो गोंधळ माजला त्याचे वर्तमान यथास्थित लिहून ठेवावे ऐसी वडिलांची आज्ञा जाहली. राज्याचे नाव लिहू नये हीही आज्ञाच, सबब लिहिले नाही. त्या राज्याचे महाराज ऐन उमेदीत कैलासवासी जाहले, पोटी संतान नाही, मागे राणी सगुणाबाईसाहेब राहिल्या. बाईसाहेब शहाण्या, थोडे बोलणाऱ्या आणि धीराच्या. त्यांनी भाऊबंदांतील एक मूल मांडीवर घेतले आणि त्यास गादीवर बसवावे ऐसा विचार केला. परंतु टोपीकरांची मंजुरी आल्यावाचून दत्तक चालत नव्हता. शेजारील एक राज्य याच कारणे नुकतेच खालसा जाहले होते, आणि तेथील मानकरी बायकापोरांसह रस्त्यास लागले ते या गावच्या लोकांनी वेशीवर उभे राहून पाहिले होते. त्यामुळे लहानथोर सर्वांची पाचावर धारण बसलेली. इतक्यात वर्तमान आले की, टोपीकरांकडून हॅलवर्ड नामे साहेब येणार, राज्याचा बंदोबस्त नीट आहे की गोंधळ आहे हे समक्ष पाहणार, आणि ते जैसे वर लिहितील तैसा दत्तकाचा निकाल होणार. मग रस्ते झाडिले, कमानी उभारिल्या, भिंतींस चुना दिला, आणि जो तो दुसऱ्यास म्हणो लागला की, आता काही वावगे होऊ नये.

साहेबांशी बोलणे कोणी करावे हा प्रश्न पडला. दिवाण सखोपंत फारशी उत्तम जाणत, इंग्रजीचे मात्र एक अक्षर नाही. मग मोरोबा विश्वनाथ यांस पुढे केले. हे मूळचे माहीमचे प्रभू. या राज्याचे चिटणीस गणोबा यांची कन्या द्वारका यांस दिलेली, आणि सासऱ्यांच्या आश्रयाने हे दरबारी दुभाषी म्हणोन राहिलेले. यांनी मुंबईत दोमिंग नामे एका म्हाताऱ्या मास्तरांजवळ इंग्रजीचा अभ्यास केला होता. त्या भाषेत आकड्यांचे प्रकरण फार नाठाळ. एक लिहिताना आरंभी ओ काढावा आणि बोलताना 'वन' म्हणावे. दोन लिहिताना मध्ये एक अक्षर घालावे जे कोणीच उच्चारीत नाही. आठ लिहिताना दोन अक्षरे उगीच मुक्कामास ठेवावी. चारात यू आहे, चौदात यू आहे, आणि चाळिसात मात्र यू नाही. मोरोबांनी लहानपणी विचारिले की, चाळिसातला यू कोठे गेला, तेव्हां मास्तरांनी हातावर छडी दिली आणि तो प्रश्न तेथेच राहिला. आणिक ऐसे की, आपण पंचवीस म्हणतो त्यात पाच आधी आणि वीस मागून. ते वीस आधी बोलतात आणि पाच मागून. आणि त्यांच्यातील जुने लोक पुन्हा आपल्यासारखे पाच आणि वीस म्हणतात. हे सर्व मोरोबांनी पाठ केले, आणि शंभरापर्यंतचे आकडे अक्षरी लिहिण्यात त्यांची चूक कोणी काढिली नाही. परंतु साहेब लोक आपसांत, जेवताना, हसताना, कंटाळले असता कैसे बोलतात हे त्यांनी कधी ऐकिले नव्हते. मास्तरांच्या ओटीवर छडी होती, साहेब नव्हता. ही उणीव त्यांस स्वतःस ठाऊक होती, दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हती, आणि साहेब येणार म्हणताच त्यांचे अन्नावरचे मन उडाले.

साहेब आले, नदीकाठी तंबू दिले, बरोबर एक तरणे डाक्तरसाहेब, एक गोव्याकडील बटलर आणि थोडे स्वार. पहिल्याच दिवशी साहेबांनी सामान हलवावयास पंधरा बैल मागितले. मोरोबांच्या कानी पन्नास आले, कारण की त्या भाषेत पंधरा आणि पन्नास हे शेवटल्या एका नकाराने, म्हणजे न या अक्षराने, वेगळे होतात, आणि तो नकार साहेब गिळून बोलत. पन्नास बैल आले. त्यांनी तंबूच्या दोऱ्या तुडविल्या, डाक्तरसाहेबांची खुर्ची मोडिली, आणि सारा काठ शेणाने भरून टाकिला. साहेब पोट धरून हसले. दिवाण सखोपंत हसले नाहीत. त्यांनी मोरोबांस बाजूस घेऊन हळू आवाजात सांगितले की, राज्य तुमच्या जिभेवर टांगले आहे, आणि आणिक एकदा ऐसे जाहले तर तुम्ही आणि तुमची इंग्रजी दोन्ही माहीमास परत जाल, चिटणिसांचे तोंड पाहणार नाही. त्या दिवसापासून मोरोबा साहेबांस एकही गोष्ट दुसऱ्यांदा विचारीनासे जाहले. कळले तरी मान हलवावी, न कळले तरी मान हलवावी, आणि घरी येऊन घाम पुसावा.

मग दरबार भरला. बाईसाहेब पडद्याआड बैसल्या, मांडीवर मूल. पडद्याच्या उजवे हातास मानकरी, त्यांत पहिले जोत्याजीराव, गावावरील किल्ल्याचे किल्लेदार. डावे हातास कारभारी, त्यांत पहिले दिवाण सखोपंत आणि शेवटले गणोबा चिटणीस. बोलणे सर्व गोड जाहले. साहेबांनी मुलाचे नाव विचारिले, पाऊसपाणी विचारिले, अत्तर-गुलाब घेतला, आणि मोरोबांनी सर्व भाषांतर नीट केले. सखोपंतांच्या तोंडावर रंग आला. मग साहेब उठले, सर्व मंडळी पोंचवावयास पायऱ्यांपर्यंत गेली, आणि तेथे साहेब एकवार मागे वळून पाहते जाहले, आणि डाक्तरसाहेबांस हसत काही म्हणाले, आणि दोघे पालखीत बैसोन निघून गेले. सखोपंतांनी लागलीच विचारिले की, जाताना साहेब काय बोलिले. मोरोबांनी शब्द स्वच्छ ऐकिले होते. 'दे आर ऑल अ‍ॅट सिक्सेस अँड सेव्हन्स.' प्रत्येक शब्द त्यांस येत होता. म्हणोन सांगितले की, "साहेब म्हणाले, हे सगळे सहांवर आणि सातांवर आहेत." सखोपंतांनी विचारिले की, पुन्हा बैलांसारखे तर नाही. मोरोबा म्हणाले, "सहा आणि सात, यात संशय नाही. आकडा मी शपथेवर सांगतो." आणि ते खरेच होते. आकड्यात चूक नव्हती. अर्थ काय, हे त्यांनी सांगितले नाही. आणि सखोपंतांनीही विचारिले नाही, कारण की आकडा कळल्यावर अर्थ आपणच काढावा ऐसी कारभाऱ्यांची सवय.

दार लावून मसलत बैसली. कोणी म्हणाले, राज्यास सहा-सात महिने ठेवितील. कोणी म्हणाले, सहा परगणे आणि सात गढ्या घेतील. तो सखोपंतांची नजर बैठकीवर गेली, आणि त्यांनी बोटाने मोजिले. उजवे हातास मानकरी बैसले होते ते सहा. डावे हातास कारभारी बैसले होते ते सात. साहेबांनी मागे वळून पाहिले ते यांजकडेच. मग सर्वांच्या ध्यानी आले की शेजारील राज्यातही आधी माणसे उचलिली आणि मग राज्य उचलिले. आता हे सहा आणि हे सात, मिळून तेरा, यांस कैद होणार, हे ठरून गेले. साहेबांचा बटलर दोन्ही भाषा जाणत होता, त्यास विचारावे हे कोणाच्या मनात आले नाही, कारण की संशय कोणास नव्हताच. सखोपंतांनी सर्वांस बेलभंडार उचलावयास लाविले की, हे येथून बाहेर जाऊ नये. ते दुपार टळायच्या आत बाजारात पोंचले.

मग त्या राज्यात जे जाहले ते लिहिताना हात अडखळतो. ज्या तेरांचे नाव निघाले त्यांतील एक देवदर्शनास म्हणोन निघून गेला तो नदीपार दिसला. एकाने अंथरूण धरिले. एकाने कचेरीस कुलूप घालून किल्ली कमरेस लाविली आणि घरी बैसला. धनी नाही म्हणोन नाक्यावरचे शिपाई उठले, शिपाई नाहीत म्हणोन वाण्यांनी फळ्या लाविल्या, फळ्या लागल्या म्हणोन बायकांनी दाणे घरात ओढिले. आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून तंबूच्या मागल्या अंगास एक एक जण फळांची करंडी घेऊन बटलराकडे जाऊ लागला. गेला तो म्हणे की, साहेबांस सांगा, मी निर्दोषी आहे, दोष अमक्याचा आणि तमक्याचा. आणि ज्याचे नाव घेतले तो काही वेळाने दुसऱ्या वाटेने तेथेच येई. काल एका पंक्तीस बैसणारे आज समोरून येताना अंगरख्याच्या बंदाशी चाळा करीत मान खाली घालो लागले. जोत्याजीरावांनी हे केले नाही. ते करारी मनुष्य, जिवंत हाती लागणार नाही म्हणाले, आणि आपले लोक घेऊन किल्ल्यावर गेले, दरवाजे लाविले आणि तोफांची तोंडे नदीकडे वळविली.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी दुर्बिणीतून तोफा पाहिल्या. मग सखोपंतांस बोलावून मोरोबांचे द्वारे सांगितले की, हा काय प्रकार आहे मजला समजत नाही, परंतु सूर्य मावळायच्या आत तो दरवाजा उघडला नाही तर छावणीकडे स्वार जाईल आणि पलटण येईल, आणि पलटण आली म्हणजे मग माझ्या हाती काही राहणार नाही. सखोपंत हात जोडून उभे असता डाक्तरसाहेब गावातून फिरून आले, टोपी काढून वारा घेऊ लागले, आणि बंद बाजाराकडे हात करून साहेबांस तेच शब्द म्हणाले. सिक्सेस अँड सेव्हन्स. मोरोबांनी बाजाराकडे पाहिले. बाजारात मानकरी नाहीत आणि कारभारीही नाहीत, फळ्या लाविलेली दुकाने आहेत. तेथे सहा कोण आणि सात कोण? प्रश्न जिभेच्या टोकावर आला. समोर साहेब होते, विचारिले असते तर सांगते. परंतु शेजारी सखोपंत होते, आणि बैल आठवले, आणि मोरोबांनी मान हलविली, आणि मुजरा करून परतले.

घरी आले तो गणोबा चिटणीस बोचके बांधीत होते. दोन धोतरे, एक शालजोडी, पूजेतला बाळकृष्ण. गणोबा कोणाकडे करंडी घेऊन गेले नव्हते आणि पळालेही नव्हते. म्हणाले की, शिपाई येतील तेव्हां शोधाशोध नको, हाताशी असावे. द्वारकाबाई चुलीशी होत्या, बाहेर पाहत नव्हत्या. गणोबा गाठ मारीत सहज म्हणाले, "परवा कैसे नांदते गाव होते. आज त्याचे तीन तेरा जाहले."

मोरोबा पागोटे काढीत होते ते तैसेच थांबले. म्हणाले, "मामासाहेब, तीन कोणते?"

"कसले तीन?"

"आपण तीन तेरा म्हणालात. त्यांतले तीन कोणते आणि तेरा कोणते?"

गणोबांस वाटले, जावयाचे डोके फिरले. म्हणाले की, अहो, ही बोलण्याची रीत आहे, विस्कटले म्हणजे तीन तेरा, कोणी मोजून का बोलतो. मोरोबा तेथेच भुईवर बैसले. तेव्हां द्वारकाबाई चुलीपासून वळल्या, आणि वडिलांसमोर नवऱ्याशी बोलू नये ही रीत बाजूस ठेवून म्हणाल्या, "मग तो साहेब तरी मोजून बोलला कशावरून?"

मोरोबांच्या ध्यानी सर्व एकदम आले, आणि त्यापाठोपाठ हेही आले की, ऐसे असेल तर हे सर्व आपणच केले; आणि ऐसे नसेल, तर आपण दुसऱ्यांदा खोटे वर्तमान घेऊन जाऊ आणि त्यात उरलेले राज्य जाईल. कारण की त्यांस अजूनही अर्थ ठाऊक नव्हता. पूर्वी अज्ञान होते तेव्हां पाय तरी जमिनीवर होते. आता संशय आला आणि तेही राहिले नाहीत. त्यांनी सासऱ्यांस विनविले की, बाईसाहेबांकडे आपण बरोबर चला. गणोबांनी नकार दिला. म्हणाले, "मी त्या तेरांतला. मी आलो तर म्हणतील, जीव वाचवावयास जावयाचे बोलणे फिरविले. एकटे जा. आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणा." इतके बोलून त्यांनी बोचक्याची गाठ पुन्हा आवळिली.

बाईसाहेब देवघरात होत्या. सखोपंत उंबऱ्याबाहेर उभे होते. मोरोबांनी जमिनीस डोके लाविले आणि जे होते ते सांगितले, द्वारकाबाईंचा प्रश्नही सांगितला. सखोपंतांचा क्रोध अनावर जाहला, परंतु बाईसाहेबांनी त्यांस बोलू दिले नाही. त्यांनी विचारिले, "मोरोबा, त्या दिवशी तुम्हांस शब्द कळले की बोलणे कळले?"

"शब्द कळले, बाईसाहेब."

"मग कोणाचे बोलणे ऐकून आम्ही आपले घर आपल्या हाताने मोडिले?"

मग बाईसाहेबांनी मेणा आणविला. सखोपंतांनी पायावर डोके ठेविले की, आपण साहेबाच्या तंबूत जाऊ नये, आणि हे तर मुळीच विचारू नये, दोन शब्दांवरून राज्य पळत सुटले हे कळले तर तो आम्हां सर्वांस मूर्ख म्हणोन वर लिहील. बाईसाहेब म्हणाल्या, "मूर्ख म्हणोन लिहील तर लिहू दे. बंडखोर म्हणोन लिहिले तर पुसता येणार नाही." आणि निघाल्या.

तंबूच्या दारी मेणा ठेविला, पडदे सोडिलेले. साहेब अदबीने उभे राहिले. बाईसाहेबांनी आतून सांगावे आणि मोरोबांनी इंग्रजीत बोलावे. पहिले बोलणे ऐसे होते की, माझ्या दुभाष्याने तुमचे शब्द आणिले आणि अर्थ आणिला नाही, तो अर्थ मी तुम्हांस विचारावयास आले आहे. हे मोरोबांस आपल्याच तोंडाने सांगणे प्राप्त जाहले, आणि त्यांनी एक अक्षर गाळिले नाही. मग त्यांनी विचारिले की, दरबाराच्या दिवशी पायऱ्यांवर आपण सहा आणि सात म्हणालात ते सहा कोण आणि सात कोण. साहेब प्रथम समजलेच नाहीत. त्यांनी डाक्तरसाहेबांकडे पाहिले, आणि मग दोघांस एकदम उमज पडला. डाक्तरसाहेब मोठ्याने हसले. साहेबांनी त्यांजकडे ऐसे पाहिले की ते हसू घशात राहिले. मग साहेबांनी विचारिले की, ती माणसे, ती दुकाने, तो किल्ला, हे सर्व त्या बोलण्यावरून काय. मोरोबांनी मान हलविली, आणि या खेपेस कळून हलविली.

साहेब खुर्चीवर बैसले. म्हणाले की, सहा कोणी नाही आणि सात कोणी नाही. आमच्याकडे काही विस्कटलेले दिसले म्हणजे ऐसे म्हणतात. का म्हणतात ते मजला ठाऊक नाही, कोणी फाशांच्या खेळातून आले म्हणतात, माझी आजी आपल्या शिवणाच्या पेटीस ऐसे म्हणे. त्या दिवशी पायऱ्यांवर तुमचे भोई आणि छत्रीवाले एकमेकांत अडकले होते, पालखी एकीकडे आणि छत्री एकीकडे, ते पाहून मी बोललो. पडद्याजवळ वाकून मोरोबांनी इतकेच सांगितले, "बाईसाहेब, साहेब तीन तेरा म्हणाले."

आतून बाईसाहेबांनी विचारिले, "कोणाविषयी?"

"भोयांविषयी."

तोवर उन्हे कलली होती आणि किल्ल्याच्या तोफा तैशाच रोखलेल्या होत्या. बाईसाहेबांनी विचारविले की, जोत्याजीरावांनी भयाने दरवाजा लाविला, बंडाने नव्हे, तो खाली आला तर त्यास अभय आहे की नाही. साहेबांनी हनुवटी चोळिली आणि म्हणाले की, 'टेन टु वन' मी हे विसरून जाईन. मोरोबांनी ऐकिले. दहा आले, एक आला. हेच तीन शब्द कालच डाक्तरसाहेब घड्याळ काढून म्हणाले होते, तेव्हां एक वाजावयास थोडा अवकाश होता. आता घड्याळ कोणी काढिले नव्हते. दहा माणसे आणि एक? दहा गुन्हे आणि एक माफ? मान हलविणे सोपे होते. परंतु त्यांनी हात जोडिले आणि म्हणाले, "साहेब, मजला हे कळले नाही. आकडा न घालता सांगावे."

साहेब सांगो लागले की, त्याचा अर्थ ऐसा की बहुतकरून, म्हणजे दहा वाटा माफीच्या तर एखादी वाट... आणि मध्येच थांबले. डोंगराकडे पाहिले, मेण्याकडे पाहिले. त्यांस दिसले की, आकडा काढून टाकिला तर मागे बहुतकरून हा शब्द उरतो, आणि बहुतकरून या शब्दावर कोणी मनुष्य तोफांआडून बाहेर येत नाही. मग त्यांनी श्वास टाकिला आणि स्वच्छ सांगितले, "मी हे मनावर घेणार नाही." मोरोबांनी ते तीनदा त्यांजकडून म्हणवून घेतले, आणि साहेब रागावले नाहीत.

मग मोरोबा किल्ल्यास निघाले. कोणी पाठविले नाही, आपणच निघाले. चढण उभी, आणि वर गोलंदाज पेटती बत्ती घेऊन उभा दिसत होता. दरवाजाखाली उभे राहून त्यांनी सर्व हकीकत ओरडून सांगितली. बुरुजावरून जोत्याजीराव म्हणाले, "परवा सहा आणि सात म्हणालात. आज कोणीच नाही म्हणता. उद्या काय म्हणाल?"

मोरोबा म्हणाले, "उद्याचे मजला ठाऊक नाही. परवा अर्थ ठाऊक नव्हता आणि तो ठाऊक आहे ऐसे मी दाखविले. आज साहेबांच्या बोलण्यातून आकडा काढविला आणि मागे राहिले ते घेऊन आलो आहे. मी हे मनावर घेणार नाही, इतकेच ते शब्द."

जोत्याजीरावांनी विचार केला. मग म्हणाले की, तुम्ही आत येऊन या तोफेपाशी बैसावे, मी एकटा खाली जातो, आणि तेथे मजला दगा जाहला तर माझे लोक आधी तुम्हांस जिवंत ठेवणार नाहीत. मोरोबा आत गेले. दरवाजाच्या दिंडीतून जोत्याजीराव बाहेर पडले, आणि दिंडी पुन्हा लागली. तेव्हां मोरोबांच्या ध्यानी आले की, आता खाली दुभाषी नाही. बटलर आहे, तो निर्भय मनुष्य, काहीही सांगेल. साहेब सवयीने एखादा आकडा बोलतील, आणि जोत्याजीराव तलवारीस हात घालतील. तोफेच्या चाकास टेकून ते पाहत राहिले. वरून माणसे मुंगीएवढी दिसत, शब्द तर येणेच नाही. जोत्याजीराव तंबूपाशी पोंचले. साहेब बाहेर आले आणि त्यांनी हात पुढे केला. जोत्याजीरावांस ती चाल ठाऊक नव्हती. त्यांस वाटले, हत्यार मागतात. ते काही वेळ तैसेच उभे राहिले. शेजारचा गोलंदाज बत्ती फुंकू लागला. मोरोबांनी डोळे मिटिले, आणि मिटवेनात म्हणोन उघडिले. जोत्याजीरावांनी तलवार म्यानासह सोडिली आणि साहेबांच्या पुढे केलेल्या हातावर ठेविली. साहेबांनी ती क्षणभर धरिली, मग दोन्ही हातांनी उलटून मुठीकडून त्यांस परत दिली. कोणाचे तोंड हलले ऐसे वरून दिसले नाही. जोत्याजीरावांनी तलवार कमरेस लाविली आणि किल्ल्याकडे वळून हात वर केला. गोलंदाजाने बत्ती मातीत दाबिली, आणि सूर्य डोंगराआड जावयाच्या आत दरवाजा उघडला. मग मोरोबा त्या दरवाजातून खाली आले.

पुढे साहेबांनी वर काय लिहिले ते कोणी पाहिले नाही. फाल्गुनात दत्तकाची मंजुरी आली, आणि तिजबरोबर हुकूम आला की किल्ल्यावरील तोफा उतरवून छावणीत पोंचत्या कराव्या. तोफा उतरविल्या तेव्हां जोत्याजीराव वाड्यातून बाहेर आले नाहीत. सखोपंत दिवाणगिरी सोडितो म्हणाले, बाईसाहेबांनी सोडू दिली नाही. गणोबांनी बोचके सोडून बाळकृष्ण देव्हाऱ्यात ठेविला. मोरोबांस कोणी माहीमास पाठविले नाही. ते भर दरबारात मजला कळले नाही म्हणो लागले, आणि प्रथम लोक हसत, मग हसेनासे जाहले.

मंजुरी येण्याच्या आधी, साहेब निघावयाच्या दिवशी बाईसाहेबांचा निरोप घ्यावयास आले, आणि पडद्याजवळ बैसोन मोरोबांचे द्वारे म्हणाले की, त्या दिवशी आपले कित्येक लोक माझ्या बटलराकडे येऊन गेले, कोण आले आणि कोणी कोणाचे नाव घेतले हे सर्व मजला कळले आहे, राज्य चालवावयाचे तर आपणांसही कळलेले बरे. मोरोबांनी भाषांतर केले. बाईसाहेब म्हणाल्या, "नावे नकोत." साहेब म्हणाले, तर नावे राहू देतो, किती आले तेवढा आकडा सांगतो. बाईसाहेब म्हणाल्या, "आकडाही नको. आकडा दिलात तर मी जन्मभर तेरांत तितके शोधीत बसेन." साहेबांनी मान लवविली आणि उठले. त्या वेळी तेथे चौथे कोणी नव्हते. मोरोबांनी ही गोष्ट बाहेर काढिली नाही. शेवटल्या दुखण्यात द्वारकाबाईंस सांगितली, त्यांजकडून ती आमच्या वडिलांपर्यंत आली.

परंतु साहेब पडद्याजवळ बैसले होते हे सर्वांनी दुरून पाहिले होते. सबब त्या तेरांची खात्री जाहली की, बाईसाहेबांस सर्व ठाऊक आहे. जे करंडी घेऊन गेले होते तेही, आणि जे गेले नव्हते तेही, कारण की आपले नाव दुसऱ्याने घेतले असेल हे भय त्यांसही होते. दरबार पूर्वीप्रमाणे भरत राहिला, नदीपार गेलेलाही परत येऊन बैसला, उजवे हातास सहा आणि डावे हातास सात. पडद्यामागे बांगडी वाजली तरी तेरा माना खाली जात. कामात कसूर कोणी केली नाही, वसुली वेळेवर, कचेरी वेळेवर; त्या राज्याचा बंदोबस्त चोख म्हणोन टोपीकरांत वाखाणिला गेला. एका पंक्तीस मात्र ते पुन्हा कधी मोकळेपणी जेवले नाहीत. इतके वर्तमान आहे, आणि जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे.